सेकंदाचं शेपूट

आमच्या विवाह नोंदणी कार्यालयात मध्यंतरी एक लग्न वधूवरांच्या संमतीच्या आधी लागलं. फार आधी नाही, सेकंदाच्या एका लहानशा तुकड्याने. पण सरकारी कामात आधी म्हणजे आधीच. त्याची रीतसर चौकशी झाली आणि चौकशी समितीची सचिव म्हणून मला नेमण्यात आलं. कार्यालयात लग्न न झालेली मी एकटीच असल्यामुळे माझा या विषयात काही हितसंबंध नाही, असं नेमणुकीच्या पत्रात स्पष्ट म्हटलं होतं. अहवाल मीच लिहिला. तो कोणी वाचणार नाही याची मला खात्री आहे, म्हणून इथे थोडक्यात सांगते.

पूर्वी आमच्याकडे लग्न नोंदवायला अर्धा दिवस जायचा. वर संमती लिहून द्यायचा, वधू संमती लिहून द्यायची आणि मग शिक्का सापडेपर्यंत दोघांना बाहेरच्या बाकावर बसवलं जायचं. तिथे आपण नेमकं काय करून बसलो याचा विचार करायला त्यांना निवांत वेळ मिळायचा. काही जण तेवढ्यात उठून घरी जायचे. आमच्या निबंधकसाहेबांना ही दिरंगाई वाटली आणि त्यांनी ‘तत्काळ विवाह सेवा’ सुरू केली. आता वराने एक कळ दाबायची, वधूने दुसरी, की त्याच क्षणी प्रमाणपत्र तयार. विचाराला वाव राहिला नाही आणि उठून जाणाऱ्यांचं प्रमाण शून्यावर आलं. या कामगिरीबद्दल साहेबांना एक ढाल मिळाली. ती त्यांच्या खोलीत अशा ठिकाणी ठेवलेली आहे, की समोर बसलेल्या माणसाला साहेबांच्या ऐवजी तीच दिसते.

आता यातली मेख सांगते. वधूवरांची संमती साठते माझ्या टेबलावरच्या संगणकात. प्रमाणपत्र मात्र जातं तळघरातल्या सामाईक साठ्यात. तो कार्यालयातल्या सगळ्या संगणकांना तारेने जोडलेला आहे आणि आम्ही त्याला मोठं कपाट म्हणतो. माझा संगणक वेळेच्या बाबतीत अतिशय चिकट आहे. एखादी गोष्ट किती वाजता झाली हे लिहिताना तो तास, मिनिट, सेकंद तर लिहितोच, शिवाय सेकंदाच्या पुढे दशांश चिन्ह देऊन आकड्यांचं लांबलचक शेपूट जोडतो. मोठं कपाट सढळ वृत्तीचं आहे. ते पूर्ण सेकंद तेवढे ठेवून घेतं आणि शेपूट कापून टाकतं. त्यामुळे संमती मिळाली सात सेकंद आणि वर थोडं, प्रमाणपत्र तयार झालं त्याच्या निमिषभर नंतर, पण कपाटात त्याची वेळ पडली नुसती सात सेकंद. म्हणजे कागदोपत्री लग्न आधी आणि संमती नंतर.

हे असंच चाललं असतं आणि कोणाला पत्ताही लागला नसता. पण मुख्यालयाने सगळ्या कार्यालयांना एक तपासणीची प्रणाली बसवून दिली. सरकारी गोष्टी योग्य क्रमाने घडतात की नाही, एवढंच तिचं काम. आमच्याकडे ती बसवली त्या सकाळी पहिलं लग्न होतं दीपगृहाच्या रखवालदाराचं. वधू तरणतलावावर पोहणं शिकवायची. दोघांनी हसत हसत कळा दाबल्या, वधूच्या थोरल्या बहिणीने डोळे पुसले आणि पडद्यावर तांबड्या अक्षरांत मजकूर आला, “सदर विवाह उभय पक्षांच्या संमतीपूर्वी झाल्याचे आढळते. सक्तीचा संशय. प्रमाणपत्र गोठविण्यात येत आहे.”

मी तो मजकूर मोठ्याने वाचला. थोरली बहीण डोळे पुसायची थांबली.

आम्ही साहेबांच्या खोलीत गेलो. साहेबांनी आधी मजकूर वाचला, मग वधूवरांकडे पाहिलं, मग पुन्हा मजकूर वाचला.

“सक्ती कोणी केली?”

“कोणीच नाही,” वर म्हणाला.

“सक्ती झालेली माणसं असंच म्हणतात,” साहेब सहानुभूतीने म्हणाले. “आणि केलेली माणसंसुद्धा.”

वराने मग आपली अडचण सांगितली. दीपगृह भर समुद्रात एका खडकावर आहे. तिथे कुटुंबासाठी दोन खोल्या आहेत, पण विवाह प्रमाणपत्राशिवाय पत्नीला खडकावर पाय ठेवता येत नाही. बोट शनिवारी सुटणार होती आणि त्यानंतर समुद्र खवळला की तीन महिने बोट नाही. वधूने तरणतलावाची नोकरी सोडली होती, भाड्याची खोली रिकामी केली होती आणि तिच्या चार ट्रंका बहिणीच्या व्हरांड्यात पडल्या होत्या. शनिवारपर्यंत प्रमाणपत्र मिळालं नाही तर वर एकटा खडकावर जाणार आणि ती ट्रंकांसकट बहिणीकडे राहणार. बहिणीच्या चेहऱ्यावरून तिलाही ही कल्पना फारशी रुचलेली दिसत नव्हती.

“मी पोहत जाईन,” वधू म्हणाली.

“तू येशील गं,” वर म्हणाला, “पण वर चढताना प्रमाणपत्र दाखवावं लागतं.”

मी सुचवलं, की यांचं लग्न पुन्हा लावावं आणि या खेपेला कळा दाबल्यावर एक सेकंदभर थांबावं. साहेबांनी नियम काढला. लग्न झालेल्या माणसांचं लग्न लावता येत नाही. मग आधीचं मोडावं, असं वधूची बहीण म्हणाली. त्यावर साहेबांनी दुसरा नियम काढला. संमतीने झालेलं लग्न मोडता येतं. संमतीशिवाय झालेलं लग्न मोडायचं नसतं, त्याची चौकशी करायची असते. इथे घोडं अडलं ते अडलंच.

चौकशीत पीडित कोण आणि आरोपी कोण हे आधी ठरवावं लागतं. लग्नाच्या आधी वराचीही संमती नव्हती आणि वधूचीही नव्हती, तेव्हा दोघेही पीडित. सक्ती करायला खोलीत त्या दोघांशिवाय मी आणि थोरली बहीण एवढ्याच होतो. मी शासकीय कर्मचारी असल्याने संशयापलीकडे होते आणि बहीण रडत होती. तेव्हा आरोपीही तेच दोघे. प्रत्येकाला दोन नोटिसा गेल्या. पीडित म्हणून सकाळी हजर राहावे, आरोपी म्हणून दुपारी. चौकशी संपेपर्यंत आरोपीने पीडिताच्या जवळपास फिरकू नये, असा त्यात नेहमीचा मजकूर होता. वर मला म्हणाला की बायकोपासून लांब राहणं एक वेळ जमेल, पण त्याला स्वतःपासूनही लांब राहायला सांगितलेलं आहे. ते कसं करायचं याची सूचना नोटिशीत नव्हती, हे मी मान्य केलं.

दरम्यान यंत्रणा विभागाचे तज्ज्ञ आले. त्यांनी तळघरात जाऊन मोठ्या कपाटाला कान लावला, दोन तारा काढल्या, पुन्हा लावल्या आणि वर येऊन चहा घेतला.

“काही बिघडलेलं नाही,” ते म्हणाले. “सेकंदाचं शेपूट तेवढं कापलं जातंय.”

“ते शेपूट जातं कुठे?” साहेबांनी विचारलं.

“कुठेच नाही.”

साहेब गंभीर झाले. कार्यालयीन वेळेत निर्माण झालेली आणि शासकीय संगणकाने नोंदवलेली वस्तू कुठेच जात नाही, असं होऊ शकत नाही. ती शासनाची मालमत्ता आहे. तिची एक तर नोंद पाहिजे, नाही तर चोरीची तक्रार पाहिजे. त्यामुळे बुधवारची सकाळ पोलीस चौकीत गेली. तिथल्या हवालदाराने हरवलेल्या वस्तूचं वर्णन विचारलं. मी म्हटलं, सेकंदापेक्षा लहान. रंग? मी म्हटलं, सांगता येणार नाही. शेवटचं कुठे पाहिलं? मी म्हटलं, सात सेकंदांच्या लगेच पुढे. त्याने सगळं इमानेइतबारे लिहून घेतलं आणि मिळालं तर कळवतो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर जराही आश्चर्य नव्हतं. पोलिसांविषयी माझं मत तेव्हापासून चांगलं झालं आहे.

तज्ज्ञांचं म्हणणं असं, की कपाट बदलून शेपूट राखणारं कपाट आणलं तर प्रश्न मिटेल. पण चालू स्थितीतलं यंत्र बदलायचं तर ते चुकतंय हे आधी सिद्ध करावं लागतं. मुख्यालयातून उपसंचालक आले होते, त्यांनी समितीचं अध्यक्षपद घेतलं आणि पाचर मारली. कपाट म्हणतं लग्न आधी, टेबलावरचा संगणक म्हणतो संमती आधी. यातलं खोटं कोण? कपाट किमतीने पन्नासपट महाग आहे, तेव्हा सकृद्दर्शनी त्याच्यावरच विश्वास ठेवावा लागेल.

“पण साहेब, संमती आधीच असते,” मी म्हटलं. “कायद्यात लिहिलंय.”

“कायद्यात काय व्हावं ते लिहिलेलं असतं, बाई,” उपसंचालक म्हणाले. “काय होतं त्याचा पुरावा कुठाय?”

बोलणं बिनतोड होतं. मग त्यांनीच मार्ग सुचवला. कपाट येण्यापूर्वीचं, हाताने नोंदवलेलं एक लग्न नमुन्यासाठी घ्यायचं. त्यात संमती लग्नाच्या आधी होती असं साक्षीने सिद्ध झालं, की निसर्गतः क्रम काय असतो ते ठरलं. मग कपाट चुकीचं, वधूवर निर्दोष आणि प्रमाणपत्र मोकळं. एकच लग्न पुरे, पण ते निर्विवाद पाहिजे.

“माझं घ्या,” साहेब म्हणाले.

ते हे इतक्या सहजपणे म्हणाले, की मला त्यांचं कौतुक वाटलं. एकतीस वर्षांचा संसार, दोन मुलं, एकदाही आवाज चढलेला नाही. माझ्या लग्नाला तुम्ही नुसती फुंकर मारून बघा, धूळ उडणार नाही, असं ते म्हणाले. शुक्रवारी सकाळी त्यांच्या पत्नीला साक्षीसाठी बोलवायचं ठरलं. बोट सुटायला तेव्हा एक दिवस उरणार होता. रखवालदार आणि पोहणारी बाहेरच्या बाकाच्या दोन टोकांना, नोटिशीत सांगितल्याइतकं अंतर राखून बसले. साहेबांनी दार उघडून त्यांना सांगितलं, आता काळजी करू नका, अर्ध्या तासात मोकळे व्हाल.

वहिनी आल्या. हातात कापडी पिशवी होती, परत जाताना बाजार करायचा असावा. त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि दिलेल्या खुर्चीवर बसल्या. उपसंचालकांनी घसा खाकरला.

“लग्नापूर्वी आपली संमती घेण्यात आली होती का?”

“कोणी?” वहिनींनी विचारलं.

“कोणीही.”

वहिनी विचारात पडल्या. त्यांना खरोखर आठवायचं होतं, हे दिसत होतं. “माझ्या वडिलांची घेतली होती. ह्यांच्या वडिलांची घेतली होती. खुर्च्यावाल्याची घेतली होती, कारण त्या दिवशी त्याच्या खुर्च्या दुसरीकडे जायच्या होत्या. तो नाही म्हणाला असता तर तारीख बदलणार होते.”

“पण इथे आपली सही आहे,” उपसंचालकांनी जुनं पान पुढे केलं.

“हो, माझीच. मला म्हणाले, इथे सही कर. मला वाटलं, खुर्च्यांची पावती.”

मी हे लिहून घेत होते. लिहिताना माझी मान आपोआप खाली गेली, कारण साहेबांकडे बघवत नव्हतं. साहेब खुर्चीतून पुढे झुकले होते आणि ढाल पहिल्यांदाच त्यांच्या मागे गेली होती.

“अगं, पण तू नाही कुठे म्हणालीस?”

“तुम्ही विचारलं कुठे?”

“एकतीस वर्षांत एका शब्दाने बोलली नाहीस.”

“एकतीस वर्षांत एका शब्दाने विचारलं नाहीत, अहो.” वहिनी चिडल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर साहेबांना काहीतरी बोलता आलं असतं.

साहेब समितीकडे वळले आणि म्हणाले, हा किरकोळ तांत्रिक दोष आहे, आत्ताच्या आत्ता दुरुस्त करता येईल. मग ते पत्नीकडे वळले. त्यांनी कोटाचं बटण लावलं. त्यांचा आवाज मी इतक्या वर्षांत कधी ऐकला नव्हता असा निघाला. “बरं, मग आता विचारतो. तुझी संमती आहे?”

वहिनींनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं.

“विचार करून सांगते,” त्या म्हणाल्या, आणि पिशवी उचलून बाजाराला गेल्या.

मला वहिनींचा मनापासून अभिमान वाटला, आणि साहेबांची दयाही आली, कारण ते दाराकडे बघत उभेच राहिले होते. उत्तर येतच असेल, असं त्यांना वाटत होतं.

पण बोट साहेबांसाठी थांबणार नव्हती. उपसंचालक म्हणाले की हा नमुनाच सदोष निघाला, दुसरा घेऊ, आणि स्वतःचं लग्न सुचवून ते घरी फोन करायला व्हरांड्यात गेले. बऱ्याच वेळाने परत आले. फोन व्यस्त होता, असं त्यांनी सांगितलं. त्यांचा एक कान लालभडक झाला होता. मग तज्ज्ञ छाती पुढे काढून म्हणाले, माझा प्रेमविवाह आहे. तुम्ही विचारलं होतं का, असं मी विचारलं. तिने विचारलं होतं, ते म्हणाले. मग तुम्ही हो केव्हा म्हणालात? तज्ज्ञ आठवू लागले. ते विचार करत असतानाच तिच्या आईने तारीख ठरवली होती, आणि तारीख ठरल्यावर हो म्हणायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. यंत्रणा विभागात प्रलंबित कामं फार असतात, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. दुपारपर्यंत आम्ही लेखा शाखा, आवक शाखा आणि खालचा पहारेकरी इतक्यांची लग्नं तपासली. संमती आधी असलेलं एकही हाताला लागलं नाही. पहारेकऱ्याने उलट आम्हालाच विचारलं, संमती म्हणजे कुठली, हुंदके थांबल्यानंतरची का?

जेवणाच्या सुट्टीनंतर उपसंचालकांनी निष्कर्ष सांगितले आणि मी ते जसेच्या तसे उतरवले. कपाटात कोणताही दोष नाही. विवाह आधी व संमती नंतर हाच सर्वत्र रूढ असलेला क्रम असून कपाट तो अचूक नोंदवते. संमती ही विवाहोत्तर यथावकाश प्राप्त होणारी बाब आहे. तपासलेल्या प्रकरणांत ती प्राप्त होण्यास किमान अकरा वर्षे लागली असून बहुतांश प्रकरणांत ती अद्याप अप्राप्त आहे. या पार्श्वभूमीवर दीपगृह रखवालदाराच्या प्रकरणात ती एका सेकंदाच्या आत प्राप्त व्हावी, ही बाब अभूतपूर्व व अनुकरणीय आहे. सबब प्रमाणपत्र मोकळे करून उभयतांचे अभिनंदन करण्यात यावे.

मी बाहेर जाऊन प्रमाणपत्र त्यांच्या हातात दिलं आणि निष्कर्ष वाचून दाखवले. वधूने ते पुन्हा एकदा स्वतः वाचले.

“म्हणजे तुम्हा सगळ्यांची लग्नं चुकीची लागली, म्हणून आमचं बरोबर?”

“असं लिहिता आलं नसतं,” मी म्हटलं, “पण हो.”

वराने तिच्याकडे पाहिलं. काय वाटलं कोण जाणे, त्याने तिथेच, बाकाजवळ, तिला विचारलं की येणार ना नक्की. ती हो म्हणाली. या खेपेला कोणी वेळ टिपली नाही. शनिवारच्या बोटीने दोघं गेली, चार ट्रंकांसकट, आणि थोरल्या बहिणीने व्हरांडा धुऊन काढला असं कळलं.

प्रकरण इथे संपायला हरकत नव्हती. पण निष्कर्षांत ‘अद्याप अप्राप्त’ असा शब्द पडला होता, आणि अप्राप्त बाब दिसली की ती वसूल केल्याशिवाय मुख्यालयाला चैन पडत नाही. पंधरवड्यात परिपत्रक निघालं. ज्या विवाहांत संमती घ्यायची राहून गेली आहे, त्यांच्यासाठी प्रत्येक कार्यालयात विलंबित संमतीची खिडकी उघडावी. नाव सांगून स्वतःच्या तोंडाने काय ते सांगावे. होकार नोंदवेपर्यंत विवाह तात्पुरता समजण्यात येईल. मुख्यालयाचा अंदाज होता की दोन-चार म्हाताऱ्या जोडप्यांशिवाय कोणी फिरकणार नाही, म्हणून खिडकीवर मला एकटीलाच बसवलं.

पहिल्या दिवशी रांग जिन्यापर्यंत गेली, दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या वळणापलीकडे. बहुतेक बायका आहेत, पुरुषही अगदीच थोडे नाहीत. भांडण नाही, आरडाओरडा नाही, ढकलाढकली तर मुळीच नाही, उलट एकमेकांना पुढे जायचा आग्रह चालतो. खिडकीशी आलं की सगळे मला एकच विचारतात, आजच सांगायला पाहिजे का? मी म्हणते, मुदत नाही. मग ते समाधानाने पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहतात. वहिनी रोज येतात. नंबर आला की मागच्या बाईला पुढे जाऊ देतात आणि स्वतः उन्हात उभ्या राहून गप्पा मारतात, मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. साहेब आपल्या खोलीच्या खिडकीतून बघत असतात. त्यांनी अलीकडे घरी चहा करायला शिकून घेतला आहे, असं शिपाई सांगतो.

तुम्ही हे रांगेत उभ्या उभ्या वाचत असाल, तर सावकाश या, खिडकी पाचपर्यंत उघडी असते. आणि घरी खुर्चीत बसून, आमच्या साहेबांना हसत वाचत असाल, तर जरा घरात हाक मारून बघा.